दोन हजार तासांचा हिशेब: डिप्लोमाधारक तंत्रज्ञांच्या वतीने खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय: लॅब, एक्स-रे, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि डायलिसिस विभागांतल्या डिप्लोमाधारक तंत्रज्ञांना नोकरी न सोडता पदवी पूर्ण करता येण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बारावी सायन्स, मग दोन वर्षांचं डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा, मग लगेच नोकरी. आमच्यापैकी बहुतेकांचा क्रम हाच. आधी बी.एस्सी.ची तीन वर्षं, मग पुढचं काही, हे घरी परवडणारं नव्हतं. डिप्लोमा झाला की पगार सुरू होतो, असं साधं गणित होतं आणि ते बरोबर निघालं. तेव्हा डिप्लोमाबद्दल माझी तक्रार नाही. डिप्लोमानंतर काय, एवढंच विचारायचं आहे. आयोग नियम करतो, शासन जागा आणि शुल्क ठरवतं, विद्यापीठ प्रवेश आणि परीक्षा बघतं. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो, म्हणून तिघांना मिळून हे एकच पत्र.

मुद्द्यावर येते. २०२१ साली संसदेने आमच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा केला, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि पहिलाच गट प्रयोगशाळेचा आहे. त्या कायद्याने दोन पायऱ्या ठरवल्या. ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणून नाव लागायला किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी हवी, दोन ते चार वर्षांत विभागलेली. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ व्हायला किमान ३,६०० तासांची पदवी हवी, तीन ते सहा वर्षांची. ही व्याख्या वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांत आमचे तास कुणीतरी मोजले होते.

पण मग वजाबाकीही करायला हवी ना? ३,६०० मधून २,००० गेले की उरतात १,६००. प्रत्यक्षातल्या पदव्या किमान तासांपेक्षा मोठ्या असतात हे मला माहीत आहे. नाशिक विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रमसुद्धा तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप असा आहे. हरकत नाही, जो आकडा असेल त्यातून आमचे तास वजा करा. सध्या होतं असं की मी आणि माझ्या ओळखीच्या तंत्रज्ञांनी पदवीसाठी जिथे जिथे चौकशी केली, तिथे खिडकीतून पहिला प्रश्न आला, “बारावीचे मार्क किती?” डिप्लोमाचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं तर ते न उघडताच परत आलं. म्हणजे पहिलं वर्ष, पहिला दिवस, मानवी शरीरात हाडं किती इथपासून. उरलेले तास शिकायला आम्ही आनंदाने तयार आहोत. झालेले तास पुन्हा कशासाठी?

सरकारचंच दुसरं एक कागदपत्र हा हिशेब आणखी सोपा करून ठेवतं. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट आणि वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास, असं ठरलं आहे. या मापाने २,००० तासांचा डिप्लोमा दीड वर्षाहून जास्त भरतो. त्याच आराखड्यात कामाच्या अनुभवालाही वजन आहे. अनुभव जसा वाढेल तसं ते वाढतं आणि दुपटीपर्यंत जातं. आरोग्य मंत्रालयाने २०१५-१६ च्या सुमारास जे नमुना अभ्यासक्रम काढले, त्यांतही मान्यताप्राप्त डिप्लोमा असणाऱ्याला त्याच विषयाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची तरतूद छापलेली होती. तेव्हा मी काही नवीन मागत नाही. छापलेलं आहे ते प्रवेशाच्या खिडकीपर्यंत पोचू द्या, एवढंच म्हणते आहे.

आमच्या आजूबाजूला बघा. आमच्याच मजल्यावरच्या एका सिस्टरांनी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, काही वर्षं वॉर्डात काढली, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि आज त्या नर्सिंग कॉलेजात शिकवतात. त्यांना पुढे एम.एस्सी.ही करता येईल. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला मुलगा डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातो, त्यासाठी राज्याची वेगळी प्रवेश फेरी असते, तिच्या तारखा पेपरात येतात. डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. तिन्ही ठिकाणी कुणी असं म्हटलं नाही की डिप्लोमावाल्याला घेतलं तर पदवीचा दर्जा घसरेल. मग रक्त तपासणाऱ्या, एक्स-रे काढणाऱ्या, डायलिसिसचं मशीन चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीतच हात का आखडतो?

काम काय असतं ते एकदा जवळून सांगते, कारण फाइलवर ‘तंत्रज्ञ’ एवढाच शब्द दिसतो. पावसाळा सरता सरता आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, लावली आणि मशीनने प्लेटलेट २२,००० दाखवल्या, असं समजा. नॉर्मल दीड लाखाच्या पुढे. बाहेर नातेवाइकांना ‘पेशी कमी झाल्या’ एवढंच कळतं आणि कुणीतरी ब्लड बँकेत जायला गाडीची किल्ली काढलेली असते. पण पेशंट स्वतः चालत आलाय, अंगावर ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. अशा वेळी तो आकडा तसाच वर पाठवायचा नसतो. आधी ट्यूब तिरकी करून गुठळी झाली आहे का ते बघायचं. मग थेंबभर रक्त काचेवर घेऊन दुसऱ्या काचेने एका दमात ओढायचं, तो पातळ थर, म्हणजे स्मिअर, वाळवायचा, लेशमन स्टेन हा रंग टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली थेट टेलकडे, थराच्या निमुळत्या टोकाकडे, जायचं. तिथे प्लेटलेटचे झुबके दिसले तर समजायचं की ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटल्या आहेत आणि मशीनने त्या मोजल्याच नाहीत. मग पेशंटचं रक्त निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नव्याने घ्यायचं, वेळ न घालवता लावायचं आणि येईल त्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. आकडा दीड लाखाच्या वर येतो. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन करायचा, स्लाइड त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची. गाडीची किल्ली परत खिशात जाते.

हे मला एका जुन्या तंत्रज्ञांनी रात्रपाळीत शिकवलं. तेही डिप्लोमावालेच होते. पुढे पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना मी शिकवलं. मुलं हुशार आहेत, आदराने ‘मॅडम’ म्हणतात, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. पण सेक्शन इनचार्जची जागा निघाली तेव्हा अट पदवीची होती. ज्याला मी स्मिअर ओढायला शिकवलं, त्याच्याकडे आता माझ्या रजेचा अर्ज जातो. सरकारी नोकरीतही वेगळं नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागलेल्याला प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी व्हायचं तर विज्ञानाची पदवी आणि त्यावर डीएमएलटी लागतं. आखातात जायचं म्हटलं तर डेटाफ्लो या संस्थेकडून प्रमाणपत्रांची पडताळणी आणि परीक्षा ही नंतरची गोष्ट. टेक्निशियन की टेक्नॉलॉजिस्ट, हे आधी पदवीवरून ठरतं आणि त्यावरून पगार.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर हे पत्र नुसतं रडगाणं होईल. पदवीच्या मुलांना जे येतं त्यातलं बरंच मला येत नाही. कोविडच्या वेळी आमच्याकडे आरटी-पीसीआर आलं तेव्हा कंपनीचा माणूस येऊन कुठलं बटण कधी दाबायचं ते दाखवून गेला. आम्ही दाबली. सीटी व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय, ती दोन किटमध्ये वेगळी का येते, कंट्रोल फेल झाला तर कुठून शोध सुरू करायचा, हे मी नंतर रात्री मोबाइलवर वाचून, अर्धवट समजून घेतलं. क्यूसीचा, म्हणजे मशीनचे आकडे बरोबर येतात ना हे तपासण्याचा, लेव्ही-जेनिंग्ज चार्ट मी रोज भरते. तो वाचायचे वेस्टगार्डचे नियम पाठ आहेत, पण त्यामागची सांख्यिकी मला कुणी शिकवलेली नाही. फ्लो सायटोमेट्रीचं मशीन मी फक्त लांबून पाहिलं आहे. तेव्हा मला भिंतीवर लावायला कागद नको आहे. ते उरलेले तास मला खरोखर हवे आहेत. त्यात काय शिकायचं याची यादीसुद्धा मी देऊ शकेन.

आणि सगळे डिप्लोमे सारखे नाहीत, हेही आमच्यातल्याच कुणीतरी म्हणायला हवं. डीएमएलटी या एका नावाखाली महाराष्ट्रात अनेक तऱ्हा नांदल्या. बारावीनंतर दोन वर्षांचा, बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा, वेगवेगळ्या मंडळांचे, वेगवेगळ्या विद्यापीठांचे. काही संस्थांनी मुलांकडून घासून काम करून घेतलं. काही संस्था दोन खोल्या आणि एका जुन्या मायक्रोस्कोपवर चालल्या. “फी भरा, हजेरीचं आम्ही बघतो” हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही असे फार थोडे सापडतील. अशा ठिकाणाहून आलेल्या मुलाला पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर सॅम्पल हिमोलाइझ झालंय का, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्यात का, हे बघायचं सुचत नाही. म्हणून डिप्लोमा आहे म्हणजे डोळे झाकून दुसऱ्या वर्षात घ्या, असं मी म्हणणार नाही. लेखी परीक्षा घ्या, प्रात्यक्षिक घ्या. टेबलावर पाच स्लाइड ठेवा आणि विचारा. ज्याला येतं तो वर जाईल, ज्याला येत नाही त्याला आधी ब्रिज कोर्स करू दे. एवढी चाळणी लावली तर पदवीची पत राखली जाईल, आणि खोट्या संस्थांचं पितळही आपोआप उघडं पडेल.

दूरशिक्षणाचा रस्ता आता बंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. कारण मला पटतं. घरबसल्या पीडीएफ वाचून कुणी क्रॉसमॅच, म्हणजे रक्त चढवण्याआधीची जुळवणी, करायला शिकत नाही. पण हा नियम करताना डोळ्यांपुढे बारावी झालेला मुलगा असावा, ज्याने अजून सिरिंज हातात घेतलेली नाही. आमची गोष्ट उलटी आहे. आम्ही रोज आठ-आठ तास बेंचवरच असतो. आमच्याकडे प्रॅक्टिकल आहे, थिअरी नाही. एकाच नियमाने दोघांना बाहेर काढलं आणि आमच्यासाठी दुसरं दार मात्र उघडलं नाही.

दार नसलं की खिडक्या उघडतात. मला गेल्या वर्षी एका ‘कौन्सेलर’चा फोन आला होता. परराज्यातलं खासगी विद्यापीठ, दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश, वर्गाला यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या, आणि थोडे जास्त भरले तर “मागच्या बॅचमध्ये दाखवून देतो.” आकडा त्याने असा सांगितला की माझ्या वर्षभराच्या पगारातून घरभाडं काढलं तर उरतं तेवढा. मी नाही म्हटलं. पण माझ्या ओळखीत ‘हो’ म्हणालेले आहेत आणि मला त्यांना दोष देता येत नाही. पस्तिशीतल्या बाईला, जिला दोन मुलं आणि आठवड्याला दोन नाइट आहेत, पहिल्या वर्षात अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पूर्णवेळ बसणं किंवा हा फोन उचलणं, असे दोनच पर्याय ठेवले तर ती काय करेल? तिची पदवी नोंदणीच्या वेळी अडकली की मात्र सगळे तिलाच विचारणार, आधी चौकशी का नाही केलीस?

मग करायचं काय, यावर आम्ही काही तंत्रज्ञांनी जेवणाच्या सुट्टीत बराच काथ्याकूट केला आहे. त्यातलं जमेल असं वाटलं ते लिहिते.

महाराष्ट्रात आता जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. नुसत्या ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, भंडारा, बुलढाणा ही नावं त्यात आहेत. तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा आहेत, शिकवणारे आहेत. पदवीचा दुसऱ्या वर्षापासूनचा एक वेगळा वर्ग तिथे नोकरदारांसाठी ठेवता येईल. थिअरी संध्याकाळी, समोरासमोर किंवा थेट प्रक्षेपणाने. जे विषय आमच्या कामात येत नाहीत, म्हणजे मॉलिक्युलर, सायटोजेनेटिक्स, फ्लो, संशोधन पद्धती, त्यांच्यासाठी सलग दहा-बारा दिवसांची शिबिरं, हजेरी सक्तीची. आणि जे आम्ही रोज करतो त्याची नोंदवही आमच्याच लॅबमध्ये भरायची, पण तपासायला परीक्षक महाविद्यालयाचा यायचा. कुठल्या लॅबमधलं काम धरायचं याची अट कडक ठेवा. रोजच्या तपासण्यांची संख्या, पॅथॉलॉजिस्ट हजर असतो का, क्यूसीच्या नोंदी आहेत का, एनएबीएल ही लॅबच्या दर्जाची मान्यता असेल तर उत्तमच. ज्याची लॅब बसत नाही त्याने ते तास जिल्हा रुग्णालयात भरावेत. यात दूरशिक्षण कुठेच नाही. पूर्ण तास, पूर्ण हजेरी, फक्त वेळापत्रक ड्युटी करणाऱ्या माणसाचं.

एक्स-रेवाल्यांना हेच थोड्या फरकाने लागू पडेल. त्यांना सीटी आणि एमआरआयचे तास हवे असतात, आणि तालुक्याच्या गावी ती मशीन असतातच असं नाही. म्हणजे त्यांची शिबिरं लांब धरावी लागतील. डायलिसिस आणि ओटीच्या सहकाऱ्यांचं म्हणणं त्यांनीच मांडलेलं बरं, मी त्यांच्या वतीने अंदाज बांधणार नाही.

शुल्काचं सांगते. २०२४ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. चांगला निर्णय. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून येणाऱ्यांना आहे. आमचा प्रवेश त्या प्रक्रियेच्या बाहेर ठेवलात तर माफीही बाहेर राहील. म्हणून डायरेक्ट सेकंड इयरची फेरी इंजिनिअरिंगसारखी सीईटी कक्षामार्फतच घ्या. आमच्या लॅबमध्ये बायका जास्त आहेत. लग्न, बाळंतपण, सासरचं गाव बदलणं यातून डिप्लोमावर थांबलेल्या आहेत, त्यांना वयाची अट लावू नका. चाळिशीतली बाई शिकायला आली तर तिच्याकडून विद्यापीठालाच चार गोष्टी कळतील.

डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, त्यामुळे त्यांच्या सीएमई, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या सभा, सतत चालू असतात. त्या हॉलमध्ये आम्ही असतो ते प्रोजेक्टर जोडायला. अमेरिकेत मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्टला प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ३६ गुण लागतात आणि तिथे दोन वर्षांची पदविका घेऊन कामाला लागलेला तंत्रज्ञ काम करता करता पदवी पुरी करून वरच्या परीक्षेला बसतो, तसा मार्गच आखून दिलेला आहे. आमच्या नोंदणीच्या नूतनीकरणालाही असे तास लावा. आम्ही कुरकुर करू, पण लावा. आणि ते तास वाया जाऊ देऊ नका. क्रेडिट बँकेत जमा होऊ द्यात, म्हणजे पुढे कुणी पदवीला आलं तर तेवढा भार हलका होईल. हॉटेलातल्या एका दुपारच्या भाषणाला चार पॉइंट, असला प्रकार मात्र सुरू करू नका.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण तंत्रज्ञांनी काही मागितलं की लगेच तो विषय निघतो. रिपोर्टवर सहीचा अधिकार आम्ही मागत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. आमच्यातल्या काहींना तो निर्णय रुचला नाही. मला विचाराल तर निदान डॉक्टरनेच करावं. पण त्या सहीच्या आधी जे जे घडतं, रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं, किती वेळ पडून राहिलं, मशीनचा आकडा खरा धरायचा की नाही, ते सगळं आमच्या हातून जातं. ते हात आणखी शिकलेले असावेत, यात पॅथॉलॉजिस्टांचं नुकसान कुठे आहे? आमच्या मॅडमनी हे पत्र वाचलं आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या आहेत.

कायदा होऊनही राज्यं हलत नाहीत म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करा असं सांगावं लागलं. त्यानंतर आयोगाने नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली आहे. नव्या मुलांसाठी त्यात चार-चार वर्षांच्या पदव्या येत आहेत, हे चांगलंच आहे. पण पदव्या जितक्या लांब होतील तितका आमचा जुना डिप्लोमा मागे पडत जाईल. पुढच्या दहा वर्षांत ग्रामीण रुग्णालयापासून कॉर्पोरेट हॉस्पिटलपर्यंत आकडे काढणारी माणसं बहुतांशी आम्हीच असणार आहोत. आता नियम नव्याने लिहिले जात आहेत तेव्हा एक कलम जास्त लिहिणं सोपं आहे. एकदा ते छापून झाले की मग दुरुस्ती, समिती, अहवाल. ते आपण सगळे ओळखतो.

आयोगाला विचारते: मान्यताप्राप्त डिप्लोमाच्या २,००० तासांना पदवीत किती क्रेडिट मिळतील, आणि ते सगळ्या राज्यांत सारखे असतील का? शासनाला विचारते: नोकरदार तंत्रज्ञांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत किती जागा, कोणत्या शुल्काने, कोणत्या वर्षापासून? विद्यापीठाला विचारते: पुढच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत डिप्लोमाधारकांसाठी दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं पान असेल का, आणि असेल तर पात्रता परीक्षेचा अभ्यासक्रम कधी जाहीर होईल? उत्तर ‘नाही’ असलं तरी लेखी द्या. निदान ज्यांना खासगी विद्यापीठांचे फोन येतात त्यांना काय सांगायचं ते आम्हाला कळेल.

आमच्या भागातल्या तंत्रज्ञांपैकी कुणाचा डिप्लोमा कुठल्या मंडळाचा, किती वर्षांचा, नोकरी किती काळ आणि कुठल्या सेक्शनला, अशी यादी आम्ही करायला घेतली आहे. मागाल तेव्हा पाठवू. उत्तर मराठीत आलं तर बरं, ते तसंच लॅबच्या फळ्यावर लावता येईल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
मिरज, जि. सांगली